उभी असताना शहाणी, घाटात गरम: एका अँबॅसिडरच्या टायमिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी अँबॅसिडर मार्क ४, १९८४ची, पेट्रोलवर चालणारी, १४८९ सी.सी. मालक ठाण्यात नौपाड्यात राहतात, निवृत्त आहेत. त्यांचं नाव आणि गाडीचा नंबर इथे देत नाही. नुसतं काका म्हणतो, हाकही तशीच मारतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, त्यामुळे ती विकायचा विषय घरात निघत नाही. आठवड्यातून दोनदा बाजार आणि बँक, महिन्यातून एकदा घोडबंदर रोडने वसईला बहिणीकडे, एवढाच तिचा वापर. या वसईच्या फेरीनेच दुखणं उघडकीला आणलं, कारण वाटेत गायमुखचा घाट लागतो.

ठाण्या-मुंबईकडच्या जुन्या मेकॅनिकांचा हात बसलेला तो फियाट-पद्मिनीवर. ती कुर्ल्यात बनायची आणि टॅक्सीच्या रूपाने रोज गॅरेजात यायची. अँबॅसिडर बंगालच्या उत्तरपाड्याची, आपल्याकडे तिची संख्या कायम कमीच. तिच्या इंजिनाचं घराणं ब्रिटिश, बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. चार सिलिंडर, पुशरॉड, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, ल्युकस धाटणीचा; आत सीबी पॉइंट, जे उघडताक्षणी ठिणगी पडते, आणि बाजूला डबीसारखं चिकटलेलं व्हॅक्युम युनिट. या गोष्टीत सगळा खेळ त्या डबीचा आणि तिला जाणाऱ्या एका बारीक पाइपचा आहे.

दोन वर्षांपूर्वी काकांनी गाडीचं पूर्ण ट्युनिंग करून घेतलं होतं. काम करणारा मुलगा तरुण आणि मेहनती. गाडी परत आली तेव्हा आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं मंद फिरणं, इतकं सुरेख होतं की बॉनेटवर चहाचा कप ठेवला तरी हिंदकळणार नाही, असं काका सांगतात. त्यामुळे पुढे तक्रारी सुरू झाल्या तेव्हा त्यांना त्या ट्युनिंगचा संशय आलाच नाही.

अडचण

माझ्याकडे गाडी आली ती मार्चअखेरीस, उन्हाळा चढत असताना. काकांनी वहीत लिहून आणलेल्या तक्रारी अशा होत्या: गायमुखच्या चढावर काटा लाल पट्ट्याला टेकतो. तिसऱ्या गिअरवर गाडी ओढत नाही, दुसरा टाकावा लागतो. पाय दिला की गाडी आधी गुदमरते, मग उचलते. सकाळी स्टार्टर तीन-चारदा फिरवावा लागतो. ॲव्हरेज दहाच्या आसपास असायचं, ते साडेसातवर आलं. शिवाय पीयूसीवाल्याने परत पाठवलं होतं, धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.६ टक्के आला. या वयाच्या पेट्रोल गाडीला ३ टक्क्यांची मुभा आहे, त्यातही ती बसेना.

आणि वहीत शेवटची ओळ होती: ‘उभी असताना मात्र काही त्रास नाही.’ ही ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

माझ्याकडे येण्याआधी गाडीवर बरंच काही होऊन गेलं होतं. रेडिएटर उतरवून सळई मारून साफ केला होता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व, काढून टाकला होता. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. ओढत नाही म्हणून कार्बोरेटरला मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी चकती, घातला होता. यातल्या कशानेही फरक पडला नव्हता. शेवटी एका गॅरेजने हेड खोलायचं सुचवलं: हेड पॅकिंग, व्हॉल्व ग्राइंडिंग, सगळं मिळून २८,००० रुपये. काका त्या आकड्याला घाबरले नव्हते. त्यांना भीती होती ती एकदा हेड उघडलं की जुन्या इंजिनात एकातून एक निघत जाईल याची. ती भीती रास्त होती.

ॲडव्हान्स आणि व्हॅक्युम, थोडक्यात

पुढचं समजायला एवढं लागेल. प्लगला ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण क्षणात भडकत नाही, जळत जायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा, १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोचायच्या आधीच ठिणगी द्यावी लागते. हा ‘आधी’ म्हणजे ॲडव्हान्स. तो तीन ठिकाणांहून येतो. पहिला डिस्ट्रिब्युटर फिरवून आपण हाताने लावतो तो, मूळ टायमिंग. दुसरा डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या वजनांचा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते, म्हणजे आणखी आधी पडते. तिसरा व्हॅक्युमचा.

हा तिसरा लोकांना कळत नाही, आणि सगळ्यात सुंदर तोच आहे. हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा थ्रॉटल, म्हणजे पाय दिला की उघडणारी कार्बोरेटरमधली पाकळी, जेमतेम उघडा असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि विरळ जातं. विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी आणखी आधी हवी. नेमकं अशा वेळी थ्रॉटलच्या खाली, सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, इंजिनाची ओढ म्हणजे व्हॅक्युम जास्त असतं. तेच डबीतला डायफ्राम ओढतं, डायफ्राम पॉइंटची प्लेट सरकवतो. चढावर पाय दाबला की व्हॅक्युम जवळपास संपतं, मिश्रण दाट येतं, भराभर जळतं, आणि ॲडव्हान्स आपसूक मागे येतो, म्हणजे कमी होतो. एक रबराचा पडदा आणि एक सळी, एवढ्यावर हे चालतं. आजच्या गाड्यांत हेच काम सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतात.

आता पाइप कुठून घ्यायचा? कार्बोरेटरवर थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर एक बारीक भोक असतं. आयडलिंगला पाकळी मिटलेली, म्हणून तिथे व्हॅक्युम शून्य. पाय दिला की भोक पाकळीच्या खालच्या बाजूला येतं आणि ओढ मिळू लागते. याला पोर्ट म्हणू. पाइप थेट मॅनिफोल्डवर लावला तर आयडलिंगलाच पूर्ण ओढ मिळते. रस्त्यावर हलक्या पायाने चालताना दोन्हीकडे जवळपास तितकंच व्हॅक्युम असतं. फरक आहे तो आयडलिंगला.

समोरचे पर्याय

काकांसमोर मी तीन रस्ते ठेवले. हेड खोलणं हा पहिला. दुसरा काकांच्या पुतण्याचा: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं आणि कार्बोरेटर नवा घ्यायचा. तिसरा, काहीही न बदलता आधी मोजायचं.

किटला माझा विरोध नाही. पॉइंट झिजतात, फायबर झिजून गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे जातं. किटमध्ये ही कटकट नसते. पण टायमिंग चुकीचं असेल तर किट तेच चुकीचं टायमिंग अधिक इमानदारीने देत राहील. हेडचा प्रश्न तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितल्याशिवाय घ्यायचाच नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, “अरे, तू मोज. मोजायला पैसे पडले तरी चालतील, तोडायला नकोत.”

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १२५ ते १३२ पीएसआयच्या मध्ये भरलं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवलं, बुडबुडे नाहीत. ऑइल काठीवर पांढरा फेस नाही. हेडचा विषय तिथेच मिटला.

जिथे माझा एक दिवस गेला

मग मी व्हॅक्युम मीटर लावला. हे यंत्र मला फार प्रिय आहे. शेकड्यातले तीस आजार ते सुई हलवून सांगतं असं माझे उस्ताद म्हणायचे, आणि बऱ्याच वर्षांत त्यांना खोटं ठरवण्याची पाळी आली नाही. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, सुई स्थिर. ठाणं समुद्राजवळचं, म्हणून आकडा तसाच वाचायचा. पुण्यात तेच इंजिन उंचीमुळे दीड-पावणेदोन इंच कमी दाखवेल. सुई ठरावीक तालात झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व बसत नाही. आकडा स्थिर पण १४-१५वर अडकला असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय.

काकांच्या गाडीने १८ दाखवले. सुई खिळ्यासारखी स्थिर.

मग टायमिंग लाइट. हा दिवा ठिणगीबरोबर चमकतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण उभी दिसते. या गाडीत खुणा खालच्या अंगाला, टायमिंग कव्हरवर दाते आणि पुलीला खाच. गुडघ्यावर बसून बघावं लागतं. खाच मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी तंतोतंत उभी होती. तो आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. डिस्ट्रिब्युटर बदललेला असू शकतो, कॉम्प्रेशन रेशो वेगळा असू शकतो; आपल्या गाडीचा आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातच बघावा.

१८ इंच आणि खूण जागेवर. मी काकांना म्हणालो, टायमिंग नक्की बरोबर आहे, दुखणं कार्बोरेटरमध्ये आहे. दिवसभर सोलेक्स कार्बोरेटर खोलला, फ्लोट बघितला, जेट फुंकले. संध्याकाळी कापूरबावडीच्या पुलावरून एक फेरी मारली. गाडी होती तशीच.

रात्री वहीतली ती शेवटची ओळ पुन्हा डोळ्यांसमोर आली. उभी असताना त्रास नाही. पाय दिला की गुदमरते. सकाळी स्टार्ट घेत नाही. या तिन्ही वेळांत फरक कशाचा? व्हॅक्युमचा. उभी असताना ते भरपूर असतं. पाय दाबताक्षणी कोसळतं. स्टार्टरवर इंजिन कूर्मगतीने फिरतं तेव्हा जवळपास नसतंच. म्हणजे व्हॅक्युम आहे तोवर गाडी ठीक, व्हॅक्युम गेलं की आजारी. आणि माझे दोन्ही आकडे मी व्हॅक्युम असतानाच घेतले होते.

मूळ कारण

सकाळी पहिलं काम केलं ते पाइपवरून हात फिरवण्याचं. डिस्ट्रिब्युटरच्या डबीपासून निघालो, रबरी नळी इंजिनाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि कार्बोरेटरला न जाता त्याच्या खाली मॅनिफोल्डवरच्या एका पितळी निपलवर संपली. मूळ गाडीला असा निपल नसतो. काकांना विचारलं तर ते हसले. ऐंशीच्या दशकात वडिलांनी डॅशबोर्डवर ‘मायलेज मीटर’ बसवून घेतला होता, हिरवा-पिवळा-लाल पट्ट्यांचा. तो म्हणजे व्हॅक्युम मीटरच. मीटर कधीच निघाला, निपल राहिला. आणि कार्बोरेटरवरचा खरा पोर्ट? त्यावर एम-सीलचा गोळा, घट्ट वाळलेला.

काय घडलं असेल ते आता दिसत होतं. कधीतरी मूळचा धातूचा बारीक पाइप तुटला. ट्युनिंगच्या वेळी नवा मिळाला नाही, समोर निपल दिसला, रबरी नळी त्याला लावली. कार्बोरेटरवरच्या भोकातून हवा ओढली जाऊ नये म्हणून ते बुजवलं. आणि मग नळी तशीच ठेवून टायमिंग लावलं.

मी नळी डबीवरून उपसली, तोंडात खिळा घालून बंद केली आणि लाइट मारला. खाच दात्यांच्या पलीकडे गेली, टीडीसी ओलांडून. त्या बाजूला मोजायला खुणाच नाहीत. पुलीचा घेर दोऱ्याने मोजला, ४०० मिलिमीटरच्या आसपास भरला; ३६०ने भागून दर पाच अंशांना, म्हणजे साडेपाच मिलिमीटरवर, पांढऱ्या रंगाची रेघ मारली. पुन्हा लाइट. टायमिंग मॅन्युअलपेक्षा पूर्ण १२ अंश मागे. इंजिन धापा टाकत होतं, व्हॅक्युम १३वर आलं होतं.

१२ का, तेही डबीवर लिहिलेलं सापडलं. ल्युकस धाटणीच्या युनिटवर तीन आकडे ठोकलेले असतात: किती इंचांना हलायला लागतं, किती इंचांना पूर्ण ओढतं आणि डिस्ट्रिब्युटरचे किती अंश देतं. घासून काजळी काढली तेव्हा शेवटचा आकडा ६ दिसला. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचे ६ म्हणजे क्रँकचे १२. नळी जोडलेली ठेवून टायमिंग लावणाऱ्याने हे १२ अंश नकळत मूळ टायमिंगमधून वजा केले होते.

त्यामुळे गाडी दोन वर्षं अशी चालत होती: आयडलिंगला हिशेब बरोबर, कारण वजा झालेले १२ व्हॅक्युम परत आणून देत होतं. सपाट रस्त्यावर १२ अंश मागे, कारण तिथे व्हॅक्युमचे १२ मूळ टायमिंगच्या वर मिळायला हवेत, ते ही वजाबाकी भरण्यातच जात होते. गायमुखच्या चढावर, जिथे व्हॅक्युम नाही, तिथेही १२ अंश मागे. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण पिस्टन खाली जाताना जळत राहतं. त्याची ताकद चाकांना मिळत नाही, उष्णता मात्र सिलिंडरच्या भिंतींना, एक्झॉस्ट व्हॉल्वला आणि पाण्याला मिळते. रेडिएटर बिचारा निर्दोष होता.

दुसरा निर्णय: नळी कुठे जोडायची

इथे मला अपेक्षेपेक्षा जास्त विचार करावा लागला. मूळ टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावायचं, यात वाद नव्हता. पण नळी मॅनिफोल्डवरच ठेवायची की पोर्टला परत न्यायची?

मॅनिफोल्डच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच काही आहे. आयडलिंगचं मिश्रण सगळ्यात विरळ, त्याला जास्त ॲडव्हान्स मानवतो. ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर इंजिन थंड राहतं, आणि एप्रिल-मेमध्ये माजिवड्याला अर्धा तास अडकायचं असेल तर ही किरकोळ गोष्ट नाही. मी मूळ टायमिंग दुरुस्त करून एक दिवस नळी मॅनिफोल्डवर ठेवून बघितली. आरपीएम वाढले, ते थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणले. तापमानाचा काटा गर्दीत आधीपेक्षा एक रेघ खाली राहिला. दुसऱ्या दिवशी पोर्टला जोडून त्याच वेळी तोच रस्ता केला; काटा थोडा वर, पण सुरक्षित. आयडलिंग दोन्हीकडे स्थिर. डबी १४ इंचांना पूर्ण ओढते आणि इंजिनाकडे त्याहून बरंच जास्त व्हॅक्युम होतं, म्हणून मॅनिफोल्डवरही आरपीएम डोलायचं कारण नव्हतं.

म्हणजे यंत्राच्या दृष्टीने दोन्ही चालण्यासारखं होतं. निर्णय झाला तो माणसांमुळे. ही गाडी माझ्यानंतर आणखी कुणाच्या हाती जाईल. तो कदाचित नळी न काढता टायमिंग लावेल. नळी मॅनिफोल्डवर असेल तर पुन्हा हेच १२ अंश जातील. नळी पोर्टवर असेल तर आयडलिंगला तिच्यात व्हॅक्युमच नाही. ती काढायची विसरली तरी आकडा चुकत नाही. चुकीला माफ करणारी जोडणी मला बरी वाटली. काकांना दोन्ही सांगितलं, तेही पोर्टलाच म्हणाले. फक्त गर्दीतच फिरणारी आणि एकाच जाणत्या हातात राहणारी गाडी असती तर मी कदाचित मॅनिफोल्ड निवडला असता.

केलेली कामं

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो सांगतो. आधी डबीचा डायफ्राम तपासला: नळी तोंडाने ओढायची, जिभेने बंद करायची, प्लेट सरकून तशीच राहिली पाहिजे. राहिली. फाटका डायफ्राम दुहेरी नुकसान करतो. ॲडव्हान्स देत नाही आणि वर हवा आत सोडतो. मग कार्बोरेटरच्या पोर्टमधलं एम-सील सुईने कोरून काढलं, मीटर लावून खात्री केली: आयडलिंगला शून्य, पाय दिला की चढतं. मॅनिफोल्डचा निपल काढून तिथे पितळी स्क्रू-प्लग बसवला.

डिस्ट्रिब्युटर उतरवला. आतल्या वजनांवरचं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. वजनं बाहेर यायची, पण आळसावून. रॉकेलने धुऊन हलकं तेल दिलं. पॉइंट आणि कंडेन्सर नवे घातले, गॅप १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, तेव्हा उलट क्रमाने केलं तर पुन्हा सगळं करावं लागतं. टायमिंग लावताना नळी काढून बंद केलेली.

मग मिक्श्चर स्क्रू, व्हॅक्युम मीटर बघत: सुई सगळ्यात वर जाईपर्यंत फिरवायचा आणि तिथे ठेवायचा. मीटर या कामासाठी उत्तम आहे. डिस्ट्रिब्युटर मात्र असा मीटर बघत फिरवू नये. जुनी मंडळी सुई शिखरावर नेऊन अर्धा-एक इंच मागे यायची, आणि हाताशी लाइट नसेल तर रस्त्यात तेवढंच करता येतं. पण आयडलिंगला सुई ज्या टायमिंगला शिखर गाठते, ते टायमिंग चढावर इंजिनाला सोसण्याच्या फार पुढचं असतं. हौसेने करून बघितलं तेव्हा सुई २० पलीकडे गेली आणि खूण मॅन्युअलपेक्षा १५ अंश पुढे. त्यावर गायमुख चढलो असतो तर नॉकिंगने, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या दणक्यांनी, पिस्टनची खैर नव्हती.

जेटचा प्रश्न राहिला होता. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मूळ जेट परत घातला, पण प्लग पांढुरके निघाले, म्हणजे मिश्रण विरळ, इथे हवेच्या मानाने पेट्रोल कमी या अर्थाने. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला हवा कमी लागते. जुन्या जेटवर गाडी विरळ चालणार हे ओघानेच आलं. एक नंबर मोठा जेट घातल्यावर प्लग बिस्किटाच्या रंगाचे झाले. आधीच्या गॅरेजने घातलेला जेट याहूनही मोठा होता, पण दिशा त्यांची चुकली नव्हती, हे नोंदवायला हवं. थर्मोस्टॅट नवा बसवला.

निकाल

पहिली चाचणी गायमुखलाच, दुपारी दोनला, चार माणसं बसवून. तिसऱ्या गिअरवर गाडी चढली. मात्र वरच्या वळणावर पाय पूर्ण दाबला तेव्हा बारीक खणखण ऐकू आली, डब्यात चिल्लर हलवावी तशी. टायमिंग २ अंश मागे घेतलं, पुन्हा चढलो, आवाज गेला. काटा मध्याच्या थोडा वर, लाल पट्ट्यापासून लांब.

ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजलं, वसईच्या दोन फेऱ्या धरून: ९.८. पीयूसीत सीओ २.१ टक्के. सकाळी स्टार्टर एकदाच. सगळा खर्च २,३०० रुपये, माझी मजुरी सोडून.

आणि आयडलिंगचं व्हॅक्युम? नळी पोर्टला, टायमिंग दुरुस्त: १८ इंच, सुई स्थिर. गाडी आजारी असताना होतं तेच. असायलाच हवं होतं, कारण आयडलिंगला एकूण ॲडव्हान्स आधीही जवळपास तेवढाच होता. आधी त्यातले १२ अंश डबीचे होते, आता सगळे मुळातले. हे काकांना कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

नळीची दोन्ही टोकं हाताने धरून बघायला पाच मिनिटं लागतात. ते मी यंत्र लावायच्या आधी करायला हवं होतं. १९८४ची गाडी मूळ स्थितीत असेल असं मी धरून चाललो; चाळीस वर्षांत तिच्यात किती हात पडले असतील, याचा विचार केला नाही.

टायमिंग लाइट नळी काढून आणि जोडून असा दोनदा मारायचा, आणि मग इंजिन ३०००ला नेऊन तिसऱ्यांदा. तीन आकड्यांतून तीन ॲडव्हान्स वेगवेगळे दिसतात. मी पहिल्या दिवशी एकच आकडा घेतला आणि तो मॅन्युअलशी जुळला म्हणून खूश झालो.

आणखी एक खंत आहे. वजनं धुणं, पॉइंट बदलणं, टायमिंग लावणं हे सगळं एका दिवसात केलं. गुदमरणं जाण्यात वजनांचा वाटा किती आणि टायमिंगचा किती, हे आता सांगता येत नाही. मध्ये एक फेरी मारली असती तर कळलं असतं.

आधी ट्युनिंग केलेल्या मुलाला मी जाऊन भेटलो, काकांना विचारूनच. चूक काढायला गेलो नव्हतो. त्याने मला आत बसवलं आणि म्हणाला, “दादा, मी मार्क आकड्यावरच ठेवला होता.” खरं होतं ते. त्याने लाइट वापरला होता, मॅन्युअल शोधून काढलं होतं. कानावर टायमिंग लावणाऱ्या कितीतरी जणांपेक्षा त्याने जास्त काळजी घेतली होती. तो शिकला ते इंजेक्शनच्या गाड्यांवर, तिथे अशी नळीच नाही. ती काढून बंद करायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी तो काकांची गाडी बघायला आला, स्वतः नळी काढली, लाइट मारला, जोडली, परत मारला. पांढऱ्या रेघा पुढे-मागे सरकताना बघून त्याने इंजिन तीनदा बंद-चालू करून घेतलं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला आम्ही ऑइल पेंटने लिहून ठेवलं आहे: ‘टायमिंग बघताना व्हॅक्युम नळी काढून बंद करणे.’ खाली मूळ टायमिंगचा आकडा आणि तारीख.

एक काम बाकी आहे. लाइटखाली पुलीवरची खाच अजून एक-दोन अंश थरथरते. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला आहे, शाफ्ट डुलला की पॉइंटचा गॅप फेरीगणिक बदलतो. तयार बुश मिळाला नाही. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे ब्राँझचा बुश करायला टाकला आहे. तो आला की डिस्ट्रिब्युटर पुन्हा उतरवायचा, आणि टायमिंग पहिल्यापासून लावायचं.